खुली चर्चा : चार पूर्णांक सात

“मावशी, तुम्ही फक्त बेरीज करा. वाचत बसू नका,” सेक्रेटरी म्हणाली आणि फॉर्मांचा गठ्ठा तिनं थेट माझ्या मांडीवर ठेवला.

वाचू नका! एकतीस वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर काढली. लोकांनी लिहिलेलं वाचायचं, हेच माझं काम. आचाऱ्याला सांगावं की बाबा रे, रांध पण चव घेऊ नकोस, त्यातलाच हा प्रकार.

“वाचलं नाही तर बेरीज कशाची करू?” मी विचारलं.

“आकड्यांची. प्रत्येक कार्यक्रमापुढे एक ते पाच गुण आहेत ना, तेवढेच. खाली ‘सूचना’ आहे ती सोडून द्या. तिथं लोक काहीही लिहितात.”

“काहीही म्हणजे?”

“म्हणजे... घरचं वगैरे.”

आमचं संमेलन होतं घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्यांचं. बिछान्याला खिळलेली सासू, झटके येणारा मुलगा, आठवण गेलेली बायको, अशांचं वर्षानुवर्षं करणारी माणसं एका दिवसापुरती एकत्र यावीत, म्हणून मंडळानं ते भरवलेलं. ती माणसं घरचं लिहिणार नाहीत तर काय चंद्रावरचं लिहिणार? पण मी बोलले नाही. पोरगी चांगली आहे. दिवसभर हाडं-सांधे दुरुस्त करण्याचे व्यायाम शिकवते आणि संध्याकाळी मंडळाचं काम करते, तेही फुकट. तसे आम्ही सगळेच फुकट करतो. त्यामुळे कुणी कुणाला बोलायचं नाही, असा आमच्यात एक न लिहिलेला नियम झाला आहे.

अध्यक्ष, ज्यांना सगळे साहेब म्हणतात, टेबलाच्या टोकाला बसले होते. बँकेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी अजून समोरच्याला कर्ज नाकारायच्या आवाजात बोलतात. आमची बैठक वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरते आणि तिथली हात असलेली एकुलती एक खुर्ची त्यांची.

“ताई, पंधरा तारखेला अहवाल छापायला जायचाय,” ते म्हणाले. “संमेलन उत्तम झालं, हे सगळ्यांनी पाहिलंय. आता ते फक्त आकड्यांत दाखवायचं.”

आधी उत्तर ठरवायचं आणि मग गणित मांडायचं. आधी कळस मग पाया. मी गठ्ठा पिशवीत घातला आणि घरी आले.

घरी आमचे हे शब्दकोडं सोडवत बसले होते. त्यांना कामाला लावलं. ते एकेक फॉर्म वाचणार आणि मी वहीत रेघा ओढणार. चार उभ्या, पाचवी आडवी. खिडकीवर आम्ही अशाच तक्रारी मोजायचो.

“स्वागत पाच, चहा चार, बसायची व्यवस्था चार, प्रमुख पाहुण्यांचं भाषण पाच, खुली चर्चा पाच,” हे वाचत होते. “पुढचा. स्वागत पाच, चहा पाच, पाहुणे पाच, खुली चर्चा पाच. अगं, तुमचं संमेलन म्हणजे अगदी सोन्याचं झालं की!”

माझा हात थांबला.

“काय म्हणालात? खुली चर्चा?”

“पाच.”

“आणि आधीच्यात?”

“पाचच. त्याच्या आधीच्यातपण. लोकांना फार आवडलेली दिसते.”

खुली चर्चा झालीच नव्हती.

ती पत्रिकेत होती, चार ते पाच. अक्षरही बाकीच्यांपेक्षा ठळक. ‘आपले अनुभव, आपल्या शब्दांत’. सतरा माणसांनी आधी नावं दिली होती आणि त्या सतराजणांना पाच-पाच मिनिटं देण्याचा शब्द मी स्वतः फोनवर दिला होता. तासात सतरा पाचे बसत नाहीत, हे मला कळत होतं. पण आमची माणसं एवढी गप्प राहून राहून आलेली असतात की निम्मी तर दोन मिनिटांत रडून खाली बसतील, असा माझा हिशेब होता.

त्या सतरांतला एक आमचा वायरमन. आमचा म्हणजे कचेरीतला. पंपघरातल्या मोटारी, स्टार्टर, पॅनेल यांत त्याची उभी नोकरी गेली. बोलायला एकदम कमी. वीस वर्षांत माझ्या खिडकीवर तो आला असेल चारदा, तेही “बाई, आज दुपारी लाइट घालवणार आहे, लोकांना सांगा” एवढं सांगायला. निवृत्तीनंतर दोन वर्षांत त्याच्या बायकोची आठवण जायला लागली. आता सात वर्षं होतील. मूलबाळ नाही. तिचं सगळं तोच करतो.

मी त्याला संमेलनाचं सांगायला फोन केला तेव्हा म्हणाला, “काळजीवाहक म्हणजे कोण हो बाई?”

“तुम्ही.”

“मग सरळ हमाल म्हणा की.”

मी हसले आणि म्हटलं, या आणि हेच बोला. पाच मिनिटं तुमची. तो म्हणाला, “पाच पुष्कळ झाली. माझ्याकडे आहे सांगण्यासारखं.” वायरमनकडे सांगण्यासारखं आहे, हे ऐकूनच मला भरून आलं होतं.

आणि मग तो दिवस. पाहुणे दहाला यायचे ते बारा चाळीसला आले. बारशाला बोलावलं तर बाराव्याला येणारी जात. आले ते तासभर बोलले. काय बोलले? तर सकारात्मक राहा. रोज सकाळी आरशात बघून हसा. माझ्या शेजारच्या बाईनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, रडतेय. बघते तर हसत होती. मग जेवण. मग साहेबांचा सत्कार, पाहुण्यांचा सत्कार, हॉल देणाऱ्यांचा सत्कार, आमचा कार्यकर्त्यांचा सत्कार, समूहछायाचित्र. पावणेपाचला साहेब माइकवर म्हणाले, “वेळेअभावी खुली चर्चा आपण मनातल्या मनात करू.” लोक हसलेसुद्धा. चांगली माणसं ती. सवयच असते त्यांना, आपलं राहून गेलं तरी हसायची.

आणि या चर्चेला पाचपैकी पाच!

“अहो, त्या फॉर्मवर वेळ बघा बरं,” मी म्हटलं.

फॉर्मवर तारीख आणि वेळ लिहायचा रकाना मीच हट्टानं घालायला लावला होता. खिडकीवरची खोड. वेळ नसलेली तक्रार आम्ही घ्यायचोच नाही. नळ कधी गेला ते कळल्याशिवाय का गेला ते कसं कळणार?

“बारा दहा,” हे म्हणाले. “याच्यावर बारा पाच. अकरा पंचावन्न. बारा वीस.” त्यांनी चष्मा वर केला. “पाहुणे किती वाजता आले म्हणालीस?”

“बारा चाळीस.”

“म्हणजे भाषण व्हायच्या आधीच भाषण उत्तम?”

“आणि न झालेली चर्चाही उत्तम.”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कूपन! गेल्या वर्षी दीडशे माणसांतून नऊ फॉर्म परत आले होते. म्हणून यंदा ठरलं, फॉर्म भरून दिल्याशिवाय जेवणाचं कूपन नाही. पाहुण्यांची वाट बघत माणसं बसलेलीच होती, म्हणून बाराच्या सुमारास फॉर्म वाटले. लोकांना वाटलं, भरून द्या, जेवण मिळतंय. कुणी घरून सकाळी सहाला निघालेलं. भुकेल्या पोटी माणूस पाचावर पाच देतो. दहा गुणांची सोय असती तर दहाही दिले असते. आम्ही प्रतिक्रिया गोळा केल्या नव्हत्या, शिधापत्रिका तपासल्या होत्या.

हे आधी गालात हसले आणि मग मोठ्यानं हसायला लागले. मला मात्र हसू येईना.

“हसताय काय? उद्या हे छापून येईल. आणि पुढच्या वर्षी कुणी म्हणालं, चर्चा आधी घ्या, पाहुणे नंतर, तर साहेब हा कागद दाखवतील. लोक समाधानी आहेत म्हणतील.”

“जाऊ दे गं. तू कशाला एवढं मनाला लावून घेतेस? आपण आईचं नऊ वर्षं केलं, तेव्हा कुणी आलं होतं विचारायला?”

आपण! माझ्या सासूबाई पलंगावरून उतरताना पडल्या आणि मग नऊ वर्षं उठल्याच नाहीत. त्या नऊ वर्षांत हे दर पंधरवड्याला फिरतीवर. मी सकाळी त्यांचं सगळं आवरून, शेजारणीच्या हवाली करून खिडकीवर जायची आणि दुपारच्या सुट्टीत धावत येऊन कूस बदलून जायची. हे सगळं ओठांवर आलं होतं. पण मी एवढंच म्हटलं, “तेव्हा कुणी विचारलं नाही, म्हणूनच. पुढचा फॉर्म वाचा.”

त्यांनी निमूट वाचला.

एकशे अठ्ठ्याण्णव फॉर्म. त्यांतले एकशे चौऱ्याऐंशी बारा वीसच्या आतले. उरलेले चौदा पाच वाजल्यानंतरचे. ज्यांनी कूपन घेतलं नव्हतं, घरून डबा आणला होता किंवा जेवलेच नव्हते, त्यांनी जाताना स्वतः मागून घेऊन भरलेले. या चौदांवर आकडे थोडे आणि अक्षरं जास्त होती. मी वाचू नये असं सांगितलेलं सगळं मी वाचलं.

‘भाषण ऐकायला आलो नव्हतो. घरी रोज ऐकतो.’

‘तीन वर्षांनी घराबाहेर पडले. बोलायचे लिहून आणले होते. तो कागद तसाच परत नेत आहे.’

‘पुढच्या वेळी पाहुणे नकोत. त्या वेळात दोन तास झोपायला सतरंज्या द्या.’

‘फोटोत आम्ही मागच्या रांगेत उभे होतो. दिसलो असू तर कळवा.’

आणि एक, इंजिनिअरच्या नकाशासारख्या सरळ, सुट्या अक्षरातला. गुण कशालाच नाहीत. सूचनेच्या जागी एक ओळ : ‘मला पाच मिनिटे मिळणार होती.’

खाली सही वायरमनची. वेळ पाच वाजून दहा. मला आठवलं, खुर्च्या रचायला सुरुवात झाली तरी तो मांडीवर पिशवी घेऊन बसून होता. माझे हात सत्काराचा पुष्पगुच्छ धरून अवघडले होते. मी लांबूनच त्याला म्हटलं होतं, “पुढच्या वर्षी नक्की हं!” तो मान हलवून उठला होता. शेजारीण पाचपर्यंतच बसणार होती त्याच्या बायकोपाशी, हे मला माहीत होतं. तरी मी तो गुच्छ खाली ठेवून त्याच्यापाशी गेले नाही. राग साहेबांचा आलाच होता, पण ती ओळ वाचल्यावर पहिल्यांदा स्वतःचा आला.

पुढच्या शनिवारी बैठकीत मी वही उघडली आणि सगळं सांगितलं. वेळा वाचून दाखवल्या. चौदा फॉर्म वाचून दाखवले. खोलीत मला धरून सातजण होते. पंखा फिरत होता आणि बाकीचे सहाहीजण पंख्याकडे बघत होते.

“ताई, तुमची मेहनत दिसतेय,” साहेब म्हणाले. “पण सरासरी किती येते?”

“कशाची सरासरी? जे झालंच नाही त्याची?”

“आकडा किती येतो ते सांगा.”

“चार पूर्णांक सात.”

“बघा!” त्यांनी टेबलावर हात आपटला. “चौदाजणांचे कमी गुण धरूनही चार पूर्णांक सात. मग तक्रार काय आहे?”

माणूस बेरीज बरोबर करून इतका चुकू शकतो, हे मला बँकेत खातं असूनही माहीत नव्हतं.

“साहेब, चर्चा झाली नाही. सतरा माणसं आपण बोलवून तशीच परत पाठवली. एवढं एक वाक्य अहवालात घाला. ‘खुली चर्चा झाली नाही.’ बाकी तुम्हाला हवं ते छापा. आणि पुढच्या वर्षी ती सकाळी पहिली घ्यायची, असा ठराव करा.”

“सकाळी पहिली? आणि पाहुणे काय बाहेर बसणार?”

“लोक बसले ना पावणेतीन तास!”

“हे बघा, एकेका माणसाच्या पाच मिनिटांसाठी अख्ख्या संमेलनाला बट्टा लावायचा का? आपण सगळे इथं स्वयंसेवक आहोत. कुणी पगार घेत नाही. एवढं राबायचं आणि वर आपणच आपल्या तोंडाला काळं फासायचं?”

हे मात्र सगळ्यांना पटलं. राबलो हे खरंच होतं. खुर्च्या आम्हीच मांडल्या, कापडी फलक आम्हीच शिवला, पानं आम्हीच उचलली. पण फुकट राबलं की माणसाला वाटायला लागतं, आता आपल्याला कुणी बोलायचं नाही. पगार घेणारा निदान तक्रार ऐकून घेतो. माझ्या खिडकीवर लोक मला वाट्टेल ते बोलायचे आणि मी ते लिहून घ्यायची. इथं पदरमोड करून केलेली चूक ही चूकच नाही, ती सेवा! असं असेल तर आमच्यापेक्षा पाहुणे बरे. ते निदान उशिरा आले हे कबूल करून गेले.

मी हे सगळं बोलले. जरा मोठ्यानंच बोलले. खालून ग्रंथपाल वर येऊन “आवाज” म्हणून गेला.

शेवटी हात वर करायला सांगितलं. माझ्या वाक्याच्या बाजूनं एक हात, माझा. विरुद्ध पाच. सेक्रेटरीचा हात कुठंच नव्हता. ती लॅपटॉपकडे बघत होती.

जिन्यात तिनं मला गाठलं.

“मावशी, कूपनची कल्पना माझी होती,” ती म्हणाली. डोळे भरले होते. “गेल्या वर्षी नऊच फॉर्म आले म्हणून साहेब मला सगळ्यांसमोर बोलले होते. मला फक्त फॉर्म यायला हवे होते.”

“फॉर्म आले गं. माणसं गेली.”

ती तिथंच पायरीवर बसली. मग माझंच मला वाईट वाटलं. तिच्यावर राग काढायला सोपं होतं, म्हणून मी काढला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, “निदान ती ओळ कुठंतरी घाल.”

तिनं घातली. अहवाल छापून आला, गुळगुळीत कागदावर, पहिल्या पानावर पाहुणे. पाचव्या पानावर तक्ता. ‘खुली चर्चा : ४.७’ आणि आकड्यावर एक बारीक चांदणी. पानाच्या तळाशी, मुंगीनं लिहावं तशा अक्षरात, चांदणीचा अर्थ : ‘वेळेअभावी घेता आली नाही.’ म्हणजे घेता आली नाही, पण गुण मिळाले. परीक्षेला न बसता पहिला नंबर! मी ते पान यांना दाखवलं. या वेळी हे हसले नाहीत. “त्या वायरमनला नेऊन दाखव,” म्हणाले. “त्याला कळवायला हवं.”

संमेलनाला तेव्हा दोन महिने होत आले होते. दुपारी तीनच्या सुमारास मी त्याच्याकडे गेले. दोन खोल्या, तळमजला. दारावरची घंटा इतकी हळू वाजली की मला वाटलं बिघडलीय. वायरमनचं घर आणि घंटा बिघडलेली! त्यानं दार उघडलं आणि माझ्या मनातलं ओळखून म्हणाला, “मुद्दाम बारीक केलीय. दचकते ती. या बाई.”

आतल्या खोलीत पलंगावर वहिनी पडून होत्या. केस नीट विंचरलेले, भांग सरळ. डोळे उघडे होते पण आम्हाला बघत नव्हते. मी जवळ जाऊन हात हातात घेतला. त्यांनी तो तसाच राहू दिला.

मी अहवाल पुढे केला. काय सांगायचं ते येताना घोकलं होतं, पण एवढंच म्हणता आलं, “वायरमन, मी शब्द दिला होता आणि तो मोडला. अहवालातही नीट लिहून घेता आलं नाही. भांडले, पण जमलं नाही.”

त्यानं चष्मा शोधला, पाचवं पान निवांत वाचलं, चांदणीपर्यंत वाचलं. आणि म्हणाला, “चार पूर्णांक सात. म्हणजे बरा बोललो की मी.”

मला हसू आणि रडू एकदमच आलं. तो पाणी आणायला गेला.

“काय बोलणार होतात?” पाणी पिऊन झाल्यावर मी विचारलं.

“बोलणार काही नव्हतो. दाखवणार होतो.”

त्यानं पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर अंथरलेली चटई दाखवली. साधी, पाय पुसायला असते तेवढी. तिच्या खाली पत्र्याच्या दोन पातळ पट्ट्या होत्या आणि त्यांच्या मधे भोकं पाडलेला स्पंज. कडेनं एक वायर भिंतीवरून बाहेरच्या खोलीत गेलेली. तिथं त्याच्या उशाशी एक बॅटरीवरचा छोटा दिवा.

“पाऊल पडलं की स्पंज दबतो, पत्र्याला पत्रा लागतो, माझ्याकडे दिवा लागतो. आवाज नाही काही नाही. ती उठून उतरायची ना, दोनदा पडता पडता वाचली. म्हणून केलं. सगळं भंगारातलं आहे. कुणालाही जमेल. मी म्हटलं, दोनशे माणसं येणारेत, एकदा दाखवलं तर घरी जाऊन करतील. नमुना नेला होता पिशवीत.” त्यानं पलंगाखाली वाकून एक खोकं बाहेर ओढलं. “आणि ज्यांना नाहीच जमणार त्यांच्यासाठी या तीस करून ठेवल्या होत्या.”

तीस चटया, प्रत्येकीची वायर नीट गुंडाळून दोऱ्यानं बांधलेली.

मी त्या खोक्याकडे बघत राहिले. माझ्या सासूबाई पडल्या तेव्हा मी शेजारच्या खोलीत झोपले होते, दहा पावलांवर. पत्र्याच्या दोन पट्ट्या आणि एक स्पंज. नऊ वर्षं. त्या दोनशे माणसांत अशा किती असतील, ज्यांच्या घरी अजून कुणी पडलेलं नाही, पण पडणार आहे? आणि आम्ही त्यांना आरशात बघून हसायला सांगून पाठवलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. साहेब त्या क्षणी समोर असते तर मी सत्कारात मिळालेलं स्मृतिचिन्ह त्यांच्याच हातात देऊन म्हटलं असतं, हे तुमचं तुम्हालाच राहू दे.

“वायरमन, मला हे खोकं द्या,” मी म्हटलं. “माझ्याकडे सगळ्यांचे पत्ते आहेत. मी घरोघर जाते.”

“न्या ना. त्यासाठीच केल्यात. कशी जोडायची ते मी कागदावर काढून देतो.” मग तो पलंगाकडे बघत म्हणाला, “हिची राहू द्या फक्त. तशी आता लागत नाही. गेल्या महिन्यापासून ती उतरतच नाही खाली.”

मी वहिनींचा हात पुन्हा हातात घेतला.

“आधी रात्रीतून चारचारदा लागायचा दिवा. वैताग यायचा मला. एकदा तर ओरडलोसुद्धा तिच्यावर,” तो म्हणाला. “आता मी जागा होतो आणि बघतो. नसतो लागलेला.”

“मग काढून का नाही टाकत?”

“बॅटरी उतरलीय का ते रोज दुपारी तपासतो,” तो म्हणाला.

तो उठला. चप्पल काढून ठेवली आणि उजवं पाऊल जपून चटईवर टेकलं. उघड्या दारातून बाहेरच्या खोलीतला दिवा लागलेला दिसला, लहान आणि पिवळा. माझ्या हातातल्या वहिनींच्या बोटांची हालचाल झाली. त्यांनी मान वळवली. इतक्या वेळात पहिल्यांदा त्या कशाकडे तरी बघत होत्या, त्याच्या पावलाकडे.

“अहो,” त्या म्हणाल्या, “पडाल.”

“नाही पडत,” वायरमन म्हणाला आणि पाऊल तसंच ठेवून उभा राहिला.